औषधी वनस्पतींतली बुरशी हरभऱ्याच्या मरीवर: फांदी तोडण्यापासून शेतातल्या चाचणीपर्यंत

"कडुनिंबातून बुरशी काढली, तिने प्लेटवर फ्युजॅरियमला ७० टक्के रोखलं, म्हणून ती हरभऱ्याच्या मर रोगावर चालते." (फ्युजॅरियम ही मर लावणारी बुरशी, प्लेट म्हणजे बुरशी वाढवायच्या अन्नाची बशी.) असे निष्कर्ष प्रबंधांत आणि प्रकल्प अहवालांत वारंवार भेटतात, आणि बहुतेक वेळा ते दोन जागी गळतात. ती बुरशी खरोखर झाडाच्या आत होती की सालीवर बसलेल्या धुळीतून आली, याचा पुरावा नसतो. आणि ती हरभऱ्यालाच रोग करते का, हे कुणी पाहिलेलं नसतं. या दोन तपासण्या कुठे आणि कशा बसवायच्या, यासाठी हा लेख आहे.

झाडाच्या आत राहूनही कसलं लक्षण न दाखवणारी बुरशी म्हणजे एंडोफाइट. ती रोगकारक बुरशीशी जागा आणि अन्न यांवरून झगडते, काही वेळा तिला मारक द्रव्यं सोडते, तर काही वेळा झाडाचीच प्रतिकारशक्ती जागी करते. यातलं शेवटचं काम प्लेटवर दिसतच नाही. औषधी झाडांच्या पेशींत जंतुरोधक द्रव्यं भरपूर असतात, तिथे टिकणारी बुरशी कामाची निघेल अशी अपेक्षा ठेवून आपण त्यांच्याकडे वळतो. ती अपेक्षाच असते. निंब गुणकारी म्हणून त्यातली बुरशीही गुणकारी, असा नियम नाही.

उदाहरणासाठी कडुनिंबाची डहाळी, तुळशीचं पान आणि अश्वगंधाचं मूळ घेऊ. हा लेख कृषी पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी आणि शेतकरी कंपन्यांच्या जैविक प्रयोगशाळांत काम करणाऱ्यांसाठी आहे. लॅमिनार (निर्जंतुक हवेचं कपाट) आणि ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र) नसेल तर पहिल्या टप्प्यालाही हात घालू नका. घरच्या कुकरवर काही प्लेटा निघतील, पण त्यांत काय वाढलं हे सांगता येणार नाही.

## टप्पा १: आधी रोगकारक हातात घ्या

बहुतेक जण एंडोफाइटपासून सुरुवात करतात आणि शेवटी "फ्युजॅरियमचं कल्चर कुणाकडे आहे का" म्हणून फोन फिरवत बसतात (कल्चर म्हणजे शुद्ध वाढवून साठवलेली बुरशी). क्रम उलटा हवा.

मर लागलेलं झाड मुळासकट उपटा आणि बुंधा उभा चिरा. आतल्या बाजूला तपकिरी-काळी रेघ दिसली आणि मूळ बाहेरून धड असलं, तर ती फ्युजॅरियमची मर. मूळ ठिसूळ होऊन उपमुळं गळून गेली असतील तर कोरडी मूळकुज. बुंध्याशी पांढरे तंतू आणि मोहरीएवढे गोल दाणे असतील तर स्क्लेरोशियमची कुज. शेतावर तिघींनाही "मर" म्हणतात. प्रयोगशाळेत ते चालत नाही, कारण तिन्हींच्या बुरशा वेगळ्या आणि त्यांच्यावर चालणारे एंडोफाइटही वेगळे निघू शकतात.

रेघेच्या जागेचा तुकडा निर्जंतुक करून पीडीए (बटाटा, डेक्स्ट्रोज, अगार) माध्यमावर ठेवा. पांढरी, कापसासारखी, मागून फिकट जांभळट छटेची वाढ आणि सूक्ष्मदर्शकाखाली विळ्याच्या आकाराचे बीजाणू दिसले की फ्युजॅरियम मिळाली. पण ती मरीचीच आहे हे अजून ठरलेलं नाही. मातीत आणि निरोगी मुळांतही निरुपद्रवी फ्युजॅरियम भरपूर असते. जेजी-६२ ही मरीला चटकन बळी पडणारी जात कुंडीत लावा आणि या कल्चरची लागण करा. तीन-चार आठवड्यांत रोपांनी माना टाकल्या, आणि त्यांतून तीच बुरशी परत निघाली, तरच पुढे चला.

इशारा: सिद्ध झालेलं कल्चर पीडीएवरून पीडीएवर सारखं बदलत राहिलात तर त्याचा जोर उतरतो. सुरुवातीलाच बुरशीच्या चकत्या निर्जंतुक पाण्याच्या घट्ट झाकणाच्या बाटल्यांत बंद करून साठवा. प्रत्येक प्रयोगासाठी त्यातली नवी बाटली उघडा.

## टप्पा २: नमुना गोळा करणे

निरोगी झाड निवडा. डाग, भुरी, किडीची छिद्रं असलेला भाग नको. आसपास नुकतंच बुरशीनाशक फवारलं असेल तर ते झाड सोडा. एकाच झाडाची दहा पानं घेण्यापेक्षा पाच झाडांची दोन-दोन घ्या. कोवळ्या पालवीपेक्षा जून पानांत एंडोफाइट जास्त मिळतात, कारण बाहेरून शिरलेल्या बुरशा पानाच्या वयासोबत साठत जातात. अश्वगंधाचं मूळ घेताना बोटाएवढ्या जाडीचं मुख्य मूळ आणि बारीक उपमुळं वेगळ्या पाकिटांत ठेवा.

कागदी पाकीट, त्यावर ठिकाण, तारीख, झाडाचं वय आणि कुठला भाग हे पेन्सिलीने लिहा. शाईचं लिखाण बर्फाच्या पेटीत ओलं होऊन पुसतं. नमुना शेतात धुऊ नका. २४ तासांच्या आत कामाला घ्या. प्लास्टिकच्या पिशवीत दोन दिवस घामेजलेली तुळस उघडली की आतली बुरशी आणि नंतर वाढलेली बुरशी वेगळी करणं अशक्य होतं.

झाडाची एक फांदी दाबून वाळवून ठेवा. वर्षभराने कुणी "ही अश्वगंधाच होती कशावरून" विचारलं तर दाखवायला काहीतरी हवं. राखीव जंगलातून नमुना आणायचा असेल तर वनखात्याची परवानगी आधी घ्या. नाहीतर सरळ बांधावरचा कडुनिंब पाहा.

## टप्पा ३: बाहेरची बुरशी मारणे, आतली जगवणे

सगळ्या कामाचा कणा हाच टप्पा आहे, आणि सर्वांत जास्त चुकाही इथेच होतात.

रसायनं दोन लागतात. एक ७० टक्के इथेनॉल. ९५ टक्क्यांच्या इथेनॉलचे ७० मिली घेऊन निर्जंतुक पाण्याने एकूण ९५ मिली करा. जास्त तीव्र म्हणजे जास्त चांगलं नाही, पाण्याशिवाय इथेनॉल पेशीत नीट शिरत नाही. दुसरं सोडियम हायपोक्लोराईट, २ टक्के उपलब्ध क्लोरीनचं. ४ टक्क्यांचं द्रावण मिळालं तर तेवढंच पाणी घालून रोज ताजं बनवा. उन्हात किंवा कपाटात महिनोन्‌महिने उघडी पडलेली बाटली लेबलावर ४ टक्के सांगते आणि आत जेमतेम क्लोरीन उरलेला असतो.

क्रम असा:

1. नमुना वाहत्या नळाखाली १० मिनिटं धुवा. मुळांची माती मऊ ब्रशने काढा.
2. तुळस आणि अश्वगंधाच्या पानांवर लव असते, तिच्यात हवेचे बुडबुडे अडकतात आणि द्रावण खाली पोचतच नाही. ट्वीन-२० या साबणासारख्या द्रवाचा एक थेंब टाकलेल्या पाण्यात ती हलकेच फिरवा.
3. लॅमिनारमध्ये पान अख्खं, डहाळी आणि मूळ ५-६ सेंमीचा तुकडा असंच ठेवा. डहाळी-मुळाची दोन्ही टोकं वितळलेल्या मेणात बुडवून बंद करा. बारीक तुकडे आत्ता करायचे नाहीत.
4. इथेनॉल: पानाला ३० सेकंद, डहाळी आणि मुळाला १ मिनिट.
5. हायपोक्लोराईट: पानाला १ ते २ मिनिटं, डहाळीला ३ मिनिटं, मुळाला ५ मिनिटं, भांडं सतत हलवत.
6. पुन्हा इथेनॉल, ३० सेकंद.
7. निर्जंतुक पाण्याने तीनदा धुणं. तिसऱ्या धुण्याचं पाणी फेकू नका.
8. निर्जंतुक टिपकागदावर कोरडं करा, दोन्ही टोकांचे ३-३ मिमी कापून टाका आणि मग आतल्या भागाचे ५ मिमीचे तुकडे करा.

आधी तुकडे केले तर कापलेल्या कडेतून क्लोरीन आत झिरपतो आणि आतली बुरशीही मरते. मग चार आठवडे प्लेट पांढरीफटक राहते आणि "या झाडात एंडोफाइट नाहीत" असं लिहून मोकळे होतात. तुकड्याची कड पांढुरकी पडलेली दिसली तर वेळ जास्त झाली असं समजा.

वर दिलेली मिनिटं सुरुवातीपुरती आहेत. तुमच्या नमुन्यासाठी हायपोक्लोराईटची १, ३ आणि ५ मिनिटांची छोटी मालिका करून पाहा. सर्वांत कमी वेळ जी खालच्या तपासणीत पास होते, तीच पक्की करा.

तपासणी, वगळता न येणारी: निर्जंतुक केलेला तुकडा एका कोऱ्या पीडीए प्लेटवर मिनिटभर दाबा आणि उचला. तिसऱ्या धुण्याच्या पाण्याचे ०.१ मिली दुसऱ्या प्लेटवर पसरा. दोन्ही प्लेटा नमुन्याच्या प्लेटांसोबत तितकेच दिवस ठेवा. कुठेही वाढ दिसली तर ती अख्खी खेप रद्द. "फक्त एकच वसाहत आली" हा अपवाद नाही. या दोन प्लेटांचे फोटो प्रबंधात नसतील, तर परीक्षकाने पुढचं वाचू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

इशारा: इथेनॉलचं भांडं पेटत्या दिव्यापासून हातभर लांब. चिमटा इथेनॉलमधून थेट ज्योतीत आणि ज्योतीतून परत इथेनॉलमध्ये, अशी आग लागते.

## टप्पा ४: माध्यमावर ठेवणे आणि वेगळं करणे

लिटरभर पीडीएसाठी २०० ग्रॅम बटाट्याचा काढा, २० ग्रॅम डेक्स्ट्रोज, १५ ते २० ग्रॅम अगार. १२१ अंशांवर १५ ते २० मिनिटं. जिवाणू रोखायला क्लोरॅम्फेनिकॉल वापरत असाल तर ते ऑटोक्लेव्हपूर्वी घातलं तरी चालतं, पण स्ट्रेप्टोमायसिन उष्णतेने मरतं. ते माध्यम ५० अंशांच्या खाली आल्यावर, हाताला सोसेल इतकं कोमट असताना घाला. ही अदलाबदल फार वेळा होते.

९० मिमीच्या प्लेटवर चार-पाच तुकडेच ठेवा. कडेला पॅराफिल्म (चिकटणारी पातळ पट्टी) लावून २५ ते २८ अंशांवर ठेवा आणि रोज पाहा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी धावणाऱ्या बुरशा बाहेर येतात आणि प्लेट व्यापतात. त्यांच्या टोकाचा तंतू वेगळ्या प्लेटवर न्या आणि तो तुकडा तिथून काढून टाका, म्हणजे मागून येणाऱ्यांना जागा मिळते. काही कामाच्या बुरशा तिसऱ्या आठवड्यात डोकं वर काढतात. दहाव्या दिवशी प्लेट फेकली तर त्या हातून गेल्या. निदान चार आठवडे ठेवा.

वाढ तुकड्याच्या कापलेल्या कडेतून निघते आहे का, हेही नीट बघा. तुकड्यापासून दूर, मोकळ्या माध्यमावर उगवलेली वसाहत हवेतून पडलेली आहे.

## टप्पा ५: ओळख आणि पहिली चाळणी

आकारावरून ढोबळ गट पाडा. मग निवडकांच्या डीएनएचा आयटीएस भाग, बुरशा ओळखायला वापरतात तो, वाचून घ्या. आयटीएसवर बहुधा प्रजातीच्या गटापर्यंतच पोचता येतं. फ्युजॅरियम, ट्रायकोडर्मा, कोलेटोट्रायकम यांची नेमकी प्रजाती ठरवायला आणखी जनुकं लागतात, त्यात टीईएफ-१ महत्त्वाचं. "९९ टक्के जुळलं" म्हणून प्रजातीचं नाव लिहून टाकू नका. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत राष्ट्रीय बुरशी संग्रह आहे. ओळखीसाठी आणि कल्चर ठेवण्यासाठी तिथे पाठवता येतं.

अॅस्परजिलस फ्लेव्हस निघाली तर ती तिथेच बाद. अफ्लाटॉक्सिन करणारी बुरशी बियाण्याला चोळायची नसते. फ्युजॅरियम, कोलेटोट्रायकम, डायापोर्थे, लॅसिओडिप्लोडिया या एंडोफाइट म्हणून नेहमी मिळतात आणि यांच्यातच कुप्रसिद्ध रोगकारकही आहेत. एका झाडात गप्प बसलेली बुरशी दुसऱ्या झाडात गप्प बसेल, याची हमी नसते.

## टप्पा ६: पिकाला इजा होते का?

हा टप्पा लोक सर्वांत शेवटी करतात, किंवा करतच नाहीत. मी तो प्लेटवरच्या चाचणीच्या आधी ठेवतो, कारण याला वाळू, बियाणं आणि तीन आठवडे एवढंच लागतं आणि निम्मी यादी इथेच गळू शकते.

बीजाणूंचं द्रावण मिलीला १० लाखांवर आणा. हिमोसायटोमीटरच्या (बीजाणू मोजायला चौकोन आखलेल्या काचेच्या) मधल्या मोठ्या चौकोनातले, म्हणजे सगळ्या २५ घरांतले बीजाणू मोजा आणि १०,००० ने गुणा, ही मिलीची संख्या. निर्जंतुक केलेलं हरभऱ्याचं बी त्यात अर्धा तास भिजवा, सावलीत सुकवा, निर्जंतुक वाळूत लावा. जेजी-६२ आणि तुमच्या भागातली चालू जात, दोन्ही घ्या. सोबत नुसत्या पाण्यात भिजवलेलं बी. २१ दिवसांनी उगवण, मुळाची लांबी, मुळावरचे तपकिरी डाग पाहा.

त्याच शेतात खरिपाला सोयाबीन किंवा तूर येणार असेल तर त्यांच्यावरही हीच चाचणी घ्या.

## टप्पा ७: प्लेटवरची झुंज

दोन्ही बुरशांच्या ५ मिमी चकत्या, वाढत्या कडेतून घेतलेल्या, एकमेकांपासून ५-६ सेंमीवर ठेवा. मंद वाढणारा एंडोफाइट असेल तर तो दोन-तीन दिवस आधी लावा, आणि तसं केल्याचं लिहा. कंट्रोल प्लेटवर एंडोफाइटच्या जागी कोऱ्या पीडीएची चकती. रोगकारकाची एंडोफाइटच्या दिशेची त्रिज्या मोजा. कंट्रोलमधली वाढ वजा या प्लेटमधली वाढ, भागिले कंट्रोलमधली वाढ, गुणिले १००: हा रोखण्याचा टक्का.

टक्का कसा आला हे टक्क्याइतकंच महत्त्वाचं. दोघांच्या मधे स्वच्छ पट्टा राहिला तर काही द्रव्य सुटतंय. एंडोफाइट रोगकारकावर चढून गेला तर परजीविता किंवा निव्वळ वेग. नुसता भेटून थांबला तर जागेची स्पर्धा. वेगवान बुरशीला इथे नेहमीच जास्त गुण मिळतात, आणि पीडीए साखरेने भरलेलं असतं. मुळाच्या आत तसं जेवण नसतं. म्हणून माझ्या यादीत कमी टक्क्याचे पण टप्पा ६ मध्ये रोप जोमदार ठेवणारे एक-दोन एंडोफाइट नेहमी पुढे जातात.

## टप्पा ८: कुंडीतली चाचणी

रोगकारक वाळू आणि मक्याच्या पिठावर वाढवा: ९० ग्रॅम वाळू, १० ग्रॅम पीठ, २० मिली पाणी, ऑटोक्लेव्ह, मग लागण करून दोन आठवडे. कुंडीच्या मातीत वजनाच्या साधारण ५ टक्के मिसळा आणि आधी जेजी-६२ पेरून बघा. तिथे मर चांगली उठली, तरच ती माती चाचणीला योग्य.

कुंड्यांचे गट:

- निरोगी माती, कसलीच प्रक्रिया नाही
- फक्त रोगकारक
- फक्त एंडोफाइट
- एंडोफाइट आणि रोगकारक
- उष्णतेने मारलेला एंडोफाइट आणि रोगकारक
- शिफारस केलेला ट्रायकोडर्मा (बाजारात मिळणारी रोगरोधक बुरशी) आणि रोगकारक

पाचवा गट फार थोडे ठेवतात. बियाण्यावर चिकटलेल्या अन्नद्रव्याने किंवा मृत बुरशीच्या अर्काने रोप सुधारत असेल तर ते इथेच उघडं पडतं. सहावा गट व्यवहारासाठी. बाजारात मिळणाऱ्यापेक्षा तुमची बुरशी बरी नसेल, तर तो खटाटोप कशाला? प्रत्येक गटाच्या निदान पाच कुंड्या ठेवा, त्या चिठ्ठ्या टाकून मांडा. एका ओळीत एकच गट लावला तर उन्हाचा फरक रोगाचा फरक म्हणून मोजला जातो.

१५, ३० आणि ४५ दिवसांनी मेलेली आणि पिवळी पडलेली रोपं मोजा. मेलेल्या प्रत्येक रोपाचा बुंधा चिरा. रेघ नसेल तर ते मरीत धरू नका, कुंडीत पाणी साचूनही हरभरा मरतो.

तपासणी: ३० व्या दिवशी जिवंत रोपांची मुळं टप्पा ३ प्रमाणे निर्जंतुक करून पुन्हा प्लेटवर ठेवा. तुमचा एंडोफाइट आतून परत निघाला पाहिजे. नाही निघाला आणि तरी रोग कमी झाला, तर तो मातीत राहून काम करतोय. तेही चालेल, पण मग त्याला हरभऱ्यातला एंडोफाइट म्हणू नका.

इशारा: कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक लावलेलं बियाणं या चाचणीत चुकूनही नको. दुकानातल्या बियाण्याला बरेचदा रंगीत औषध चोळलेलं असतं, पुडीवर पाहून घ्या.

## टप्पा ९: वाढवणे आणि शेतात नेणे

ज्वारीचे दाणे रात्रभर भिजवा, अर्धकच्चे शिजवा, पाणी पूर्ण निथळू द्या. दाणे एकमेकांना चिकटले तर आत हवा जात नाही आणि जिवाणू माजतात. पॉलीप्रॉपिलीनच्या पिशवीत भरून सलग दोन दिवस ऑटोक्लेव्ह करा, लागण करा, २५ ते २८ अंशांवर १०-१५ दिवस ठेवा, मधे पिशवी हलवून दाणे मोकळे करा. आंबूस वास आला की पिशवी उघडू नका, तशीच ऑटोक्लेव्ह करून फेका. वाढलेले दाणे सावलीत सुकवा, दळा, टाल्कमध्ये मिसळा.

दर खेपेला प्रमाण मोजा. नोंदणीकृत ट्रायकोडर्माला ग्रॅममागे किमान २० लाख जिवंत बीजाणूघटक लागतात, तुमचंही निदान तेवढं हवं. महिन्याने पुन्हा मोजा, कारण पुडी बनवली त्या दिवशीचा आकडा पेरणीच्या दिवशी खरा नसतो.

शेतातली चाचणी मर येत असलेल्या रानातच घ्या, एकाआड एक पट्टे पाडून, निदान चार ठिकाणी. बियाण्याला आधी एंडोफाइट, सावलीत सुकू द्या, मग रायझोबियम, आणि त्याच दिवशी पेरणी. मँकोझेब, ताम्रयुक्त औषध, कार्बेन्डाझिम यांतलं काहीही त्या बियाण्यावर नको. पहिल्या वर्षी चांगला निकाल आला तर दुसऱ्या वर्षी वेगळ्या मातीत पुन्हा लावा. काळ्या भारी रानात जमलेलं मुरमाड जमिनीत जमेलच असं नाही.

ही बुरशी पुडीत भरून विकायची असेल तर कीटकनाशक कायदा १९६८ खाली फरिदाबादच्या केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समितीकडे नोंदणी लागते, आणि त्यासाठी विषारीपणाच्या चाचण्यांसह बराच मोठा दस्तऐवज द्यावा लागतो. "सेंद्रिय संवर्धक" असं लेबल लावून ही अट चुकवता येत नाही. जैविक संपत्तीच्या व्यावसायिक वापराला जैवविविधता कायदा २००२ लागू होतो, तेव्हा नागपूरच्या राज्य जैवविविधता मंडळाकडे विक्रीचा विचार करायच्या आधीच चौकशी करा. नमुना कुठून, कुठल्या तारखेला आणि कुणाच्या परवानगीने घेतला हे तिथे विचारलं जाईल, म्हणून टप्पा २ मधली ती पाकिटं फेकू नका.